कमी चाललेली जुनी, की जास्त चाललेली नवी?

पत्र: मी कराडजवळ राहते. शाळा घरापासून २२ किलोमीटरवर, त्यातलं बरंचसं अंतर महामार्गाचं. आतापर्यंत एसटी आणि वडापची शेअर जीप केली, आता गाडी घ्यायची आहे. दोन वॅगनआर बघितल्या, दोन्ही पेट्रोल, एक हजार सीसीच्या. एक जून २०१४ची, एमएच १२, पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या निवृत्त काकांची. रनिंग फक्त ३१ हजार, पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली. २ लाख ४० हजार मागतात. दुसरी ऑक्टोबर २०१९ची, एमएच ०९, कोल्हापूरच्या एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीची. रनिंग ९६ हजार, ३ लाख ७५ हजार मागतो. दोन्ही पहिल्याच मालकाकडे आहेत. दीर म्हणतात, “वहिनी, लाखाला टेकलेली गाडी घेऊ नका, वर्षात इंजिन काढावं लागेल.” आमचे मिस्त्री म्हणतात, साल बघा. पतपेढीचं कर्ज धरून सगळी मिळून ४ लाखांची सोय आहे. पहिलीच गाडी आहे, सहा-सात वर्षं तरी वापरायची आहे. वय बघू की किलोमीटर?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी पहिली रेघ ओढली ती २२ या आकड्याखाली. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, शाळेचे वर्षाचे सव्वादोनशे दिवस, वर माहेर, बाजार, लग्नकार्यं. म्हणजे गाडी तुमच्याकडे वर्षाला बारा-तेरा हजार किलोमीटर पळणार. सात वर्षांत ८५ ते ९० हजार. काकांच्या गाडीने अकरा वर्षांत मिळून जेवढं अंतर कापलं, तेवढं तुम्ही तिच्याकडून अडीच वर्षांत करून घेणार आहात. वर्षानुवर्षं महिन्याला अडीचशे किलोमीटर चाललेली गाडी अचानक महिन्याला हजाराच्या वर जाईल, आणि तीही महामार्गावर. प्रश्न खरा इथून सुरू होतो.

तुमच्या दिरांची भीती मला समजते. ‘लाखाच्या आतली घ्या’ हे मीही लहानपणापासून ऐकलं आहे. पण मीटर फक्त अंतर सांगतो, ते अंतर कसं कापलं हे सांगत नाही. एक साधा हिशेब करून बघा. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत गाडीचा सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर धरू. ३१ हजार भागिले १८, म्हणजे इंजिन साधारण १७०० तास चाललं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे असं फिरणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ५० धरू. ९६ हजार भागिले ५०, म्हणजे १९०० तास. हे वेग माझे अंदाजाचे आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. पण मीटरवर तिप्पट दिसणारा फरक इंजिनाच्या तासांत दोनशेवर येतो.

आणि हे तासही सारखे नाहीत. काकांची फेरी मंडई, बँक, नातवाची शाळा अशी चार-चार किलोमीटरची असेल, तर ३१ हजारांत साडेसात हजारांच्या वर वेळा चावी फिरली. त्यातल्या निम्म्या वेळा तरी इंजिन थंड होतं. थंड इंजिन चालू करताना ऑइल वरपर्यंत पोचायला क्षणभर लागतो आणि झीज त्याच वेळी सगळ्यात जास्त होते. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी नीट तापली तर ती उडून जाते. चार किलोमीटरवर बंद केली तर पाणी ऑइलमध्येच राहतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, खाली पिवळसर साय धरलेली दिसते. क्लचचंही तेच. रांगेत पुढे-मागे करत चाललेल्या ३१ हजारांत क्लच प्लेट जितकी घासते, तितकी हायवेच्या तेवढ्याच अंतरात घासत नाही. हायवेची गाडी सकाळी एकदा तापते आणि पाचव्या गिअरमध्ये निवांत चालत राहते.

या दोन्ही गाड्यांच्या इंजिनात टायमिंगला, म्हणजे झडपा वेळेवर उघडायला, चेन आहे, रबरी पट्टा नाही. काही गाड्यांत तो पट्टा ठरावीक वर्षांनी किंवा किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. नाही बदलला आणि तुटला, तर इंजिन खोलावं लागतं. तो खर्च इथे नाही. वेळेवर ऑइल बदललेलं हे छोटं इंजिन लाख झाले म्हणून दम टाकत नाही. मी दीड-पावणेदोन लाख चाललेली बघितली आहेत, आणि अजूनही ती रोज सकाळी एका चावीत चालू होतात.

आता वयाकडे येते, कारण उभ्या गाडीचं वय मला महागात पडलेलं आहे. माझ्या थोरल्या बहिणीसाठी मी हौसेने नऊ वर्षं जुनी, २२ हजार चाललेली गाडी शोधली होती. चकचकीत, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. गल्लीत सगळ्यांना दाखवली. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात रेडिएटरचा होज पाइप फुटला. रबर बाहेरून काळंभोर दिसत होतं, आतून पापडासारखं कडक झालेलं. बहिणीला तापमानाच्या काट्याकडे बघायचं सुचलं नाही, ती कडेला जागा शोधत तशीच पुढे गेली. हेड गॅस्केट गेलं आणि त्या ‘नव्यासारख्या’ गाडीवर ३८ हजार रुपये गेले. पैशांपेक्षा मला लागलं ते हे, की दोन लहान मुलं घेऊन ती भर उन्हात घाटात दोन तास उभी होती. गाडी मी बघून दिली होती, आणि मी बॉनेट उघडून एक पाइप दाबून बघितला नव्हता.

म्हणून वयाने काय झिजतं ते सविस्तर सांगते. जिथे जिथे रबर आहे ते सगळं: कूलंटचे नि पेट्रोलचे पाइप, फॅनबेल्ट, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, दारांची रबरं, वायपर, ऑइल सील. गाडी चालो न चालो, रबर वर्षं मोजतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि दहा वर्षांपूर्वीच्या गाड्यांची रबरं त्या हिशेबाने बनवलेली नव्हती. त्यामुळे पेट्रोलच्या जुन्या पाइपांकडे तर बघावंच लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कमी चालणाऱ्या गाडीचे मालक ते सहसा बदलत नाहीत, कारण गाडी चाललीच कुठे आहे! ओल धरलेलं ऑइल घाट उतरताना उकळतं आणि ब्रेक पायाखाली मऊ लागतो. एसीचे सील सुकतात आणि गॅस झिरपतो. पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, आणि ते लगेच कळतही नाही.

टायरची तर गोष्टच वेगळी. ३१ हजारांत टायर घासलेले नसतील, नक्षी छान दिसेल आणि काका म्हणतील, “ओरिजिनल टायर आहेत, अजून वीस हजार जातील.” टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२२१४’ दिसलं तर तो टायर २०१४च्या बाविसाव्या आठवड्यातला. अशा टायरवर तुम्ही महामार्गावर ताशी ८०ने जाणार आहात, आणि मला ते अजिबात मान्य नाही. नक्षी कितीही खोल असली तरी ते चारही टायर, आणि स्टेपनीही, काढून टाकायचे.

सालाचा दुसरा अर्थ कागदावरचा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. काकांच्या गाडीची जून २०२९ला संपेल, म्हणजे गाडी अंगवळणी पडते न पडते तोच. लोक सांगतात तशी ती त्या दिवशी भंगारात जात नाही. दिल्लीचे नियम वेगळे आहेत, आपल्याकडे आरटीओत तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. पण त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ५ हजार झाली आहे, वर पर्यावरण कर आहे, आणि एक-दोन रजा जातील त्या वेगळ्याच. शिवाय एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नंतर बसवावी लागते, काकांनी ती बसवली आहे का बघा.

आता माझ्यासाठी सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तुमच्या पत्रात तो आलाच नव्हता. २०१४च्या वॅगनआरमध्ये एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सगळ्या मॉडेलना नव्हते, वरच्या मॉडेलमध्ये जादा पैसे मोजून घ्यायचे होते, आणि बहुतेकांनी ते घेतले नाहीत. २०१९च्या सुरुवातीला आलेल्या नव्या वॅगनआरमध्ये मात्र चालकाची एअरबॅग आणि एबीएस सगळ्यांना आहेत. आपल्या देशात एबीएस एप्रिल २०१९पासून आणि चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करणारा बझर, मागचे सेन्सर हे जुलै २०१९पासून सगळ्या नव्या मोटारींना बंधनकारक झाले. त्यामुळे जुनी गाडी बघताना २०१९च्या अलीकडची की पलीकडची, ही रेघ मी मनात ठेवते. तुम्ही नवशिक्या चालक आहात, रस्ता महामार्गाचा, पावसाळ्यात तो निसरडा, आणि जून ते सप्टेंबर शाळा भर पावसात. समोर अचानक उसाची ट्रॉली आली आणि तुम्ही घाबरून ब्रेक दाबला, तर एबीएस नसलेली गाडी चाकं अडकून घसरत जाते. एबीएस असलेलीचं स्टिअरिंग तेव्हाही ऐकतं. समोरच्या दुसऱ्या सीटची एअरबॅग मात्र २०१९मध्ये सक्तीची नव्हती, ती २०२१च्या अखेरीस झाली. तेव्हा त्या गाडीत एक आहे की दोन हे बघून घ्या, आणि मुलांना मागेच बसवा, बेल्ट लावून.

पैशांचं सरळ सांगते. काकांची गाडी २ लाख ४०ला घेतली तर टायर, बॅटरी, सगळे पाइप नि बेल्ट, कूलंट, ब्रेक ऑइल, बुश, माउंटिंग असे साधारण ४०-४५ हजार पहिल्याच महिन्यात घालावे लागतील. म्हणजे ती पावणेतीन लाखांच्या थोडी वर पडते. कोल्हापूरची गाडी आता क्लच, शॉकअब्सॉर्बर आणि बहुधा टायर मागेल, तिथेही ३०-३५ हजार. साडेतीनला मिळाली तर ३ लाख ८५ हजारांपर्यंत जाते आणि विमा नि आरटीओसाठी १५ हजार उरतात. दोघींत लाखाचा फरक राहतोच, तो मी लपवत नाही. पतपेढीच्या हप्त्यात तो तुम्हाला दर महिन्याला जाणवेल. पण त्या लाखात तुम्हाला एअरबॅग आणि एबीएस मिळतो, नोंदणी २०३४पर्यंत मिळते, आणि सात वर्षांनी विकताना तिला गिऱ्हाईक असेल. काकांची गाडी तेव्हा अठरा वर्षांची झालेली असेल.

माझं मत कोल्हापूरच्या गाडीकडे आहे. मात्र डोळे झाकून नाही.

कोल्हापूर म्हटलं की माझा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. जुलै २०२१च्या महापुरात ही गाडी कुठे उभी होती? मालकाला थेट विचारा, लाजू नका. ऑगस्ट २०१९च्या पुराच्या वेळी तिची नोंदणीच झाली नव्हती, तरी आरसीवर बनवल्याचा महिना असतो तोही वाचा. पाण्यात गेलेली गाडी धुऊन, अत्तर मारून छान दिसते. पुढच्या दोन वर्षांत तिच्या वायरिंगने मालकाला रडवलं, की ती विकायला निघते. तपासायला फार काही लागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, टोकाशी मातीची रेघ आहे का बघा. सीट पुढे-मागे सरकवा आणि खालच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजलेत का ते टॉर्चने बघा. कार्पेटचा कोपरा उचला. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात गाळाचा थर आहे का, हात फिरवून बघा. पाण्याची खूण यापैकी एका जागी जरी सापडली, तरी पन्नास हजार कमी केले म्हणून घेऊ नका, सरळ परत या.

दुसरं, ते ९६ हजार खरेच ९६ आहेत का. मीटर मागे घेण्याचं काम अर्ध्या तासाचं असतं, आणि फिरतीच्या नोकरीतल्या गाडीला तो मोह जास्त. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की हिस्ट्री निघते, मालकाला सोबत घेऊन जा म्हणजे ते कुरकुर करणार नाहीत. या गाडीला दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला सर्व्हिस असते. म्हणजे नऊ-दहा नोंदी हव्यात, आणि प्रत्येकीत किलोमीटर चढत गेलेले. २०२०च्या टाळेबंदीच्या महिन्यांत ते थबकलेले दिसले तर नोंदी खऱ्या असल्याचा मला उलट विश्वास वाटतो. ६० हजारांनंतर हिस्ट्री एकदम तुटली असेल आणि मालक म्हणाला, “नंतर बाहेर ओळखीच्या गॅरेजला केली,” तर त्या गॅरेजची बिलं मागा. बिलं नसतील तर ९६ला मी दीड लाख समजते आणि भाव त्या हिशेबाने करते. हेच काकांच्या ३१ हजारांनाही लागू आहे. पेडलवरच्या रबराची नक्षी, स्टिअरिंगची पकड आणि चालकाच्या सीटची उजवी कड, यांचं मीटरशी जुळलं पाहिजे.

बाकीचं तुमच्या मिस्त्रींवर सोपवा, माणूस बरोबर सांगतोय. फक्त एक गोष्ट मालकाला आधीच बजावा, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा, मग चावी फिरवा. थंड गाडीचा खडखडाट आणि निळा धूर तेव्हाच कळतो. तापलेली गाडी सगळं झाकून नेते. चालवताना खड्ड्यातून एकदा मुद्दाम घ्या, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी ओढत नसेल तर क्लच गेला आहे, तो भावातून वजा करा.

कागदांचं थोडक्यात: एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा), विमा, पीयूसी बघा. थकलेली ई-चलनं विक्रेत्याकडून भरून घ्या, फिरतीच्या गाडीवर ती असतातच. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर त्याच दिवशी सह्या घ्या. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची हप्त्यातली सवलत, तुम्हाला मिळणार नाही हे धरून चाला.

काकांची गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमची शाळा दोन किलोमीटरवर असती, गाडी रविवारी देवळात नि महिन्यातून एकदा माहेरी एवढीच निघणार असती, तर मी तुम्हाला दोन लाखांपर्यंत भाव पाडून तीच घ्यायला सांगितलं असतं, आधी टायर आणि पाइप बदलायच्या अटीवर. गावातल्या गावात फिरणाऱ्या कोणाला हवी असेल तर त्यांना जरूर सांगा. कोल्हापूरची गाडी पाण्यातली किंवा मीटर फिरवलेली निघाली, तरी काकांकडे परत वळायची घाई करू नका. २०१९ किंवा त्यानंतरची, ६० ते ९० हजार चाललेली, पूर्ण हिस्ट्रीची गाडी कराड-सातारा-सांगलीत महिनाभरात पुन्हा दिसेल. तोवर वडाप आहेच.

कोल्हापूरला जाताना दिरांनाही घेऊन जा. त्यांना तुमची काळजी आहे म्हणूनच ते लाखाला घाबरतात. तासांचा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवा, आणि कार्पेट उचलायचं काम त्यांच्याकडे द्या. विसार देण्याआधी सर्व्हिस हिस्ट्रीचा फोटो मला पाठवलात तर मी नोंदी बघून लगेच कळवीन.